मॉनिटर १४४ हर्ट्झचा, पण वायरीतून येणार किती?

चिंचपोकळीहून लालबागमार्गे परळकडे जाताना भारतमाता चित्रपटगृह लागतं. रिळांच्या जमान्यात थिएटरच्या पडद्यावर सेकंदाला २४ चित्रं पडत. एवढ्यावर उजेडाची फडफड डोळ्यांना खुपते, म्हणून प्रोजेक्टरची फिरती झडप एकेक चित्र निदान दोनदा दाखवी. चित्रं २४, झोत ४८. चित्र बदलणं निराळं आणि पडदा उजळणं निराळं, हा भेद तेव्हापासूनचा. मॉनिटरवर लिहिलेले हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नव्याने रंगतो, तो आकडा. १४४ला २४ने नि:शेष भाग जातो, ६०ला जात नाही. त्यामुळे ६० हर्ट्झवर सिनेमातलं एक चित्र दोनदा, पुढचं तीनदा दाखवावं लागतं आणि कॅमेरा सावकाश फिरला की दृश्य किंचित अडखळतं.

आपल्या लॅपटॉपला असा मॉनिटर पेलेल का, हे लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत जाऊन विचारण्याआधी कागदावर गुणाकार करावा. २५६० गुणिले १४४० म्हणजे सुमारे ३७ लाख ठिपके, प्रत्येकाच्या रंगाला २४ बिट, आणि हे सेकंदाला १४४ वेळा. उत्तर येतं १२.७ गिगाबिट, वर थोडी भर. एचडीएमआय १.४ मधून चित्रासाठी जेमतेम ८.१६ गिगाबिट मिळतात, म्हणजे नापास. २.० मधून १४.४, काठावर पास. डिस्प्लेपोर्ट १.४ मधून २५.९, निर्धास्त.

गोम पुढेच आहे. ‘एचडीएमआय २.१’ची पूर्ण क्षमता ४८ गिगाबिटची, पण २.०च्याच जुन्या, एकूण १८ गिगाबिट वेगाचं यंत्रही नियमानुसार तेच नाव लावू शकतं. माझ्या मते ही सरळ दिशाभूल आहे. म्हणून आवृत्ती नव्हे, वेग विचारावा. यूएसबी-सीची तर आणखी तऱ्हा! खाच तीच, पण एकीतून चित्र जातं, दुसरीतून नुसतं चार्जिंग आणि फायली. माहितीपत्रकात ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ किंवा ‘थंडरबोल्ट’ हे शब्द शोधावेत. ग्राफिक्स चिपची मर्यादाही पुष्कळदा तिथेच छापलेली असते.

वायर जोडताच मॉनिटर स्वतःची कुंडली, म्हणजे ईडीआयडी, लॅपटॉपला कळवतो. तरी विंडोज पुष्कळदा ६०वरच बसून राहतं. सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले असं जाऊन १४४ आपण निवडायचे. यादीत ते दिसलेच नाहीत, तर मॉनिटर परत करण्याआधी मधला अ‍ॅडॅप्टर काढून चांगल्या केबलने थेट जोडून पाहावं.