केसभर फरक, आणि काच तडकते

ब्रिटनमध्ये घरामागच्या शेडमध्ये किंवा गॅरेजात विजेची छोटी भट्टी मांडून काचेच्या बश्या, वाडगे, कोस्टर करणारे हौशी आणि व्यावसायिक कारागीर पुष्कळ आहेत. या ‘फ्यूज्ड ग्लास’ला फुंकनळी लागत नाही. रंगीत काचेचे सपाट तुकडे कापायचे, एकावर एक रचायचे आणि भट्टीत ठेवून तापवायचे.

सुमारे ७५० अंश सेल्सिअसला तुकडे नुसते चिकटतात, कडांचे उंचवटे हाताला लागतात. ८०० अंशांच्या पुढे सगळे एकजीव होतात. तेव्हा गुरुत्वाकर्षण काच पसरवू पाहतं, पृष्ठताण तिला आवळतो. दोघांची बरोबरी साधारण ६ मिलिमीटर जाडीला होते. म्हणून ३ मिलिमीटरचे दोन थर रचतात. एकच थर ठेवला तर कडा आत ओढल्या जातात. सेंट हेलेन्सच्या पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केलेल्या फ्लोट पद्धतीत वितळलेल्या कथलावर तरंगणारी काचही याच कारणाने आपसूक ६-७ मिलिमीटरची होते.

खरी कसोटी पुढे, काच निवताना. स्टुडिओतली काच मुख्यतः दोन जातींची: एक दर अंशाला कोटीतले ९० भाग आकसते, दुसरी ९६. तीस सेंटिमीटरची बशी ५०० अंशांवरून निवली, की ढोबळ हिशेबाने पहिली १.३० मिलिमीटर आकसेल, दुसरी १.३८. फरक केसाच्या जाडीएवढा. पण दोन्ही एकाच बशीत जोडल्या, तर तेवढा तडा जायला पुरतो.

काच एकाच जातीची असली तरी बाहेरचा भाग आधी निवतो, आतला मागे राहतो. म्हणून ५०० अंशांच्या आसपास भट्टी थोपवून धरतात, मग सावकाश उतरवतात. जाडी दुप्पट झाली, तर उतरवण्याचा वेग जवळपास चौथाई ठेवावा लागतो.

ताण डोळ्यांना दिसत नाही. मात्र एकमेकींना आडव्या धरलेल्या दोन पोलरॉइड पट्ट्यांमध्ये काच धरली, की ताणलेल्या जागी पांढरी झाक उमटते. ताणामुळे काचेतून जाणाऱ्या प्रकाशाचं वागणं बदलतं, हे स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१५-१६ मध्येच दाखवलं होतं. अशी झाक दिसलेली बशी विकायची नसते. ती फडताळात ठेवल्याठेवल्याही तडकू शकते.

आणि निगुतीने निववलेली बशीसुद्धा उष्णता सोसणाऱ्या बोरोसिलिकेट काचेची नव्हे. तिच्यात फळं, केक खुशाल मांडावेत. कढईतला उकळता रस्सा मात्र ओतू नये.