युद्धकाळांतील हास्यपट आणि त्यांचे संग्राहक

बाहेर तोफांचा गडगडाट चालू असतां माणसें हसण्यासाठीं चित्रपटगृहांत जात, हें ऐकून वाचकांस नवल वाटेल. परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत निघालेले विनोदी चित्रपट संग्राहक आजही जिवापाड जपतात. त्यांत त्यांस एवढें काय सांपडतें, याचा थोडा विचार आम्ही येथें करणार आहों.

चार्ली चॅप्लिनच्या 'द ग्रेट डिक्टेटर'चें चित्रण सप्टेंबर १९३९ मध्यें, म्हणजे युद्धास तोंड लागलें त्याच महिन्यांत, सुरू झालें व ऑक्टोबर १९४० मध्यें तो न्यूयॉर्क येथें झळकला. अमेरिका तेव्हां युद्धांत उतरलीही नव्हती. दुसरा चित्रपट अर्न्स्ट लुबिचचा 'टू बी ऑर नॉट टू बी' (१९४२). वॉर्सा येथील एक नाटकमंडळी जर्मन अधिकाऱ्यांचीं सोंगें घेऊन शत्रूस कशी चकविते, ही त्याची कथा. नायिका कॅरोल लोंबार्ड युद्धरोख्यांच्या प्रचाराहून परततांना १६ जानेवारी १९४२ रोजीं विमान-अपघातांत वारली. चित्रपट तिच्या पश्चात् प्रदर्शित झाला. पोलंडच्या दुःखावर हसणें कित्येक समीक्षकांस रुचलें नाहीं. लुबिच स्वतः बर्लिनमध्यें जन्मलेला ज्यू होता, हें मात्र विसरून चालणार नाहीं.

क्रूरांची थट्टा करावी कीं नाहीं, हा प्रश्न खराच आहे. छळछावण्यांतील भीषण प्रकार ठाऊक असते तर हा चित्रपट आपल्या हातून झाला नसता, अशा अर्थाचें चॅप्लिननें १९६४ च्या आत्मचरित्रांत लिहिलें आहे. आमच्या मतें संग्राहकांस मोल वाटतें तें नेमकें या अजाणतेपणाचें. युद्धाचा शेवट कोणासच ठाऊक नसतां माणसें कशास भीत होतीं आणि ती भीति कशी झटकीत होतीं, हें इतिहासग्रंथांत इतकें जिवंत क्वचितच आढळतें.

मात्र हा ठेवा नाशिवंत आहे. १९५० च्या सुमारापर्यंत बहुतेक चित्रपट नायट्रेटच्या फितीवर निघत. ती चटकन् पेट घेते आणि काळानें आपोआप कुजतेही. पुण्यास १९६४ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या कित्येक नायट्रेट फिती २००३ सालच्या आगींत भस्मसात् झाल्या. उलटपक्षीं, 'द ग्रेट डिक्टेटर'च्या चित्रणप्रसंगीं चॅप्लिनचा सावत्र वडील बंधु सिडनी यानें टिपलेलीं रंगीत दृश्यें जुन्या सामानांत टिकून राहिलीं, म्हणूनच आज पाहावयास मिळतात.

फीत गेली म्हणजे मागें उरतात तीं जाहिरातपत्रें, छायाचित्रें आणि गाण्यांच्या पुस्तिका. घरच्या माळ्यावरील पेटींत त्या काळची अशी एखादी पुस्तिका निघाली, तर ती रद्दींत घालण्यापूर्वीं घरांतील वडील मंडळींस दाखवावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.