चौकडीचे कापड आणि कुळाची खूण

जून महिना आला की लोणावळ्यापासून वडगावपर्यंत कापड-दुकानांत शाळेच्या गणवेशासाठी गर्दी उसळते. इंग्रजी शाळेतल्या मुलींचा स्कर्ट बहुधा चौकडीचा. लष्करी बँडात बॅगपाइप वाजवणाऱ्या जवानांच्या खांद्यावरही असेच उभ्या-आडव्या रंगीत पट्ट्यांचे कापड दिसते. या कापडाला टार्टन म्हणतात. त्याचा बोलबाला झाला तो स्कॉटलंड देशात. तिथे म्हणे प्रत्येक कुळाची चौकडी हजारो वर्षांपासून ठरलेली. मॅकडोनाल्डांची वेगळी, कॅम्पबेलांची वेगळी. 'कुळ' आणि 'परंपरा' हे दोन शब्द एकत्र आले की आमचे कान टवकारतात. या दोन शब्दांनी आमच्या आज्या-पणज्यांच्या अंगावर काय काय लादले ते आम्हाला ठाऊक आहे. म्हणून हा हिशेब तपासून पाहू.

कापड जुने आहे यात शंका नाही. स्कॉटलंडमधील फॉलकर्क येथे रोमन नाण्यांच्या मडक्यासोबत चौकडीच्या लोकरी कापडाचा तुकडा सापडला, तो इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला. पण ती कुळाची खूण होती काय? मार्टिन मार्टिन नावाच्या स्कॉटिश लेखकाने १७०३ साली लिहून ठेवले की, चौकडी पाहून माणूस कोणत्या बेटावरचा हे ओळखता येते. म्हणजे ओळख गावाची, कुळाची नव्हे. आपल्याकडे पैठणची पैठणी, इलकलचे इरकली लुगडे, तसेच हे. १७४६ साली कलोडनच्या लढाईत डोंगरी स्कॉट लोक इंग्रज राजाच्या सैन्याकडून हरले. त्या लढाईचे त्याच काळातले एक चित्र आहे. त्यात एकाच माणसाच्या अंगावर दोन-तीन तऱ्हेच्या चौकड्या दिसतात!

लढाईनंतर सरकारने कायदाच केला. डोंगरी पुरुषाने हा पोशाख घातला तर पहिल्या वेळी सहा महिने कैद, दुसऱ्या वेळी सात वर्षे काळे पाणी. सूट फक्त सरकारी पलटणींना. हा कायदा १७८२ साली उठला. मग बॅनॉकबर्न गावच्या विल्सन नावाच्या कापड कारखानदारांनी धंदा ओळखला. नमुन्यांना आधी नुसते क्रमांक असत, पुढे त्यांना कुळांची नावे चिकटवली गेली. १८१५ साली लंडनच्या एका संस्थेने कुळप्रमुखांकडे आपापल्या चौकडीचा नमुना मागितला, तेव्हा कित्येकांना आपली चौकडी कोणती हेच माहीत नव्हते. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांनी सर्वांना चौकडी घालून येण्यास सांगितले आणि दुकानांत झुंबड उडाली. १८४२ साली दोन भावांनी जुन्या हस्तलिखितावरून म्हणून कुळांच्या चौकड्यांचे पुस्तक छापले. ते हस्तलिखित बनावट ठरले, पण त्यातल्या कितीतरी चौकड्या आजही दिमाखात मिरवल्या जातात. हजारो वर्षांची म्हणून सांगितली जाणारी ही परंपरा जेमतेम दोनशे वर्षांची आहे!

तिकडे सत्तेने लोकांच्या अंगावरचे कापड काढून घेतले. इकडे उलटे झाले, आमच्या अंगावर खूण चढवली. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू, हे बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात नोंदवले आहे. त्याच ग्रंथात इंदूरकडच्या बलाई समाजाची हकिगत आहे. बलाईंनी रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही, त्यांच्या बायकांनी सोन्या-चांदीचे दागिने घालायचे नाहीत, असा हुकूम सवर्णांनी काढला होता. ही गोष्ट पेशवाईतली नव्हे, १९२८ च्या सुमाराची!

त्याच सुमारास, डिसेंबर १९२७ मध्ये, महाडच्या सत्याग्रह परिषदेत बाबासाहेबांनी भगिनींसमोर वेगळे भाषण केले. लुगडे नेसण्याची तऱ्हा आणि गळ्या-हातातले दागिन्यांचे ओझे यांवरून अस्पृश्यता ओळखू येते, ती खूण पुसून टाका, कपडा फाटका असला तरी स्वच्छ ठेवा, असे त्यांनी सांगितले. अनेकींनी तिथेच लुगडी बदलून नेसली. गुडघ्यापर्यंतचे लुगडे घोट्यापर्यंत आले. आमच्या मते चवदार तळ्याच्या पाण्याइतकीच ही गोष्ट मोठी आहे, पण भाषणांत तिचा उल्लेख कमी होतो.

पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोक शुभ्र वस्त्रे नेसून आले. पाली ग्रंथांत गृहस्थ उपासकांना 'ओदातवसना' म्हणजे पांढरी वस्त्रे नेसणारे म्हटले आहे. भिक्षूंच्या चीवराचा नमुनाही विनयपिटकात सांगितला आहे. मगधातील भातखाचरे आणि त्यांचे बांध पाहून भगवंतांनी आनंदाला तसे चीवर करायला सांगितले. भाद्रपदात कार्ल्याची लेणी चढताना मागे वळून पाहा. खाली मावळातली हिरवी खाचरे दिसतात, तोच चीवराचा नमुना. हीही एक चौकडीच. परंतु ती अंगावर घेतली की राजपुत्र आणि न्हावी एकसारखे दिसतात, कुळ विचारायची सोय राहत नाही.

कार्ल्याच्या भिक्षूंना गाव दान देणाऱ्या उषवदाताने नाशिकच्या लेण्यात आणखी एक लेख कोरून ठेवला आहे. विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण ठेव, व्याज दरमहा शेकडा १. त्या व्याजातून वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. वर्षाचे व्याज २४०, वीस गुणिले बारा २४०. आम्ही वाणिज्य शाखेचे, आकडा असा जुळला की बरे वाटते!

आता घरातला प्रश्न. विहारातल्या मंगल परिणयात वधूने पांढरी साडीच नेसावी काय? मावळात या प्रश्नावरून घराघरांत कुरबुरी होतात. मुलीला रंगीत साडी हवी असते, वडीलधारे म्हणतात परंपरा मोडते. आम्हाला वाटते, रंगीत साडी नेसल्याने कोणी कमी बौद्ध होत नाही. ज्या बाबासाहेबांनी अंगावरची लादलेली खूण पुसायला लावली, त्यांच्या नावाने दुसरी सक्ती कशाला? मात्र 'पांढरे नेसलीस तर लोक विधवा म्हणतील' या धास्तीने कोणी पांढरी साडी टाळत असेल, तर ते आम्हाला मान्य नाही. ती धास्ती शेजारच्या घरातून आपल्या घरात शिरलेली आहे. १९५६ साली सौभाग्यवती बायकांनी पांढरे नेसले ते ही धास्ती झुगारूनच. आपल्या पांढऱ्या साडीला तारीख आहे, कारण आहे. ती हजारो वर्षांची आहे असे खोटे सांगण्याची गरज नाही.

स्कॉट लोकांना आपल्या चौकडीची खरी हकिगत शोधायला जुन्या दुकानदारांच्या वह्या चाळाव्या लागल्या. आपल्याकडे वह्या नाहीत, पण ट्रंका आहेत. आपल्या घरी आजीचे किंवा पणजीचे लुगडे, पाटल्या, दीक्षेच्या वेळची पांढरी साडी असेल तर टाकून देऊ नका. ती कोणत्या बाजारातून, कोणत्या साली, किती रुपयांना घेतली, पूर्वी कशी नेसत आणि कोणाच्या सांगण्यावरून बदलली, हे घरातल्या थोरांना विचारून एका कागदावर लिहा आणि तो कागद त्या साडीच्या घडीत ठेवा.