दुकानासाठी कार्डाची मशीन निवडताना



आठवीच्या वर्गात टक्केवारी शिकवताना मी विचारले, "हजार रुपयांच्या विक्रीवर दोन टक्के कापले, तर दुकानदाराचे किती गेले?" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "वीस रुपये." मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र म्हणाली, "सर, आमच्या दुकानात तर काही विकले नाही तरी कापतात."

चौकशी केली तेव्हा कळले. वडिलांनी एका फिरत्या एजंटाच्या सांगण्यावरून कार्डाची मशीन घेतली होती. कार्ड देणारे ग्राहक महिन्याला दोन-चार. भाडे मात्र दर महिन्याला खात्यातून वजा होत होते. करारनामा इंग्रजीत होता, तो कोणी वाचलाच नव्हता. मी स्वतः हिंदी माध्यमातून पदवी घेतलेला माणूस. बारीक इंग्रजी अक्षर दिसले की माझाही हात वाचण्याआधी सहीकडेच जातो. म्हणून त्या वडिलांना दोष देत नाही. आपल्या पांढुर्णा-सौंसरकडची कितीतरी मुले शाळा सुटल्यावर दुकानाच्या गल्ल्यावर बसतात. त्यांच्यासाठी हा विषय मांडत आहे.

पहिली गोष्ट, आपला ग्राहक कोण ते पाहावे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीनंतर ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यातले धसई हे गाव महाराष्ट्रातले पहिले रोकडरहित गाव म्हणून गाजले. डिसेंबर २०१६ मध्ये तिथल्या दुकानांत स्वाइप मशीन आल्या. पण पुढे नोटा मुबलक झाल्या, तसा रोखीचा व्यवहार परत आला. यातून धडा असा की मशीन आणल्याने ग्राहकाची सवय बदलत नाही. आधी सवय पाहावी, मग मशीन आणावी. नागपूर-बैतूल महामार्गावरच्या ढाब्यावर बाहेरगावचे प्रवासी येतात, त्यांच्या खिशात क्रेडिट कार्ड असते. गल्लीतल्या किराणा दुकानात ओळखीचे लोक येतात. ते रोख देतात, मोबाईलने देतात किंवा वहीत उधारी लिहायला सांगतात. दोघांची गरज एक नाही.

दुसरी गोष्ट, खर्च. यूपीआय ही व्यवस्था २०१६ मध्ये सुरू झाली. १ जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून यूपीआयने आलेल्या आणि रुपे डेबिट कार्डाने दिलेल्या पैशांवर दुकानदाराला व्यवहार शुल्क लागत नाही. इतर डेबिट कार्डांसाठी रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०१८ पासून मर्यादा घातली. वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानाला मशीनवर जास्तीत जास्त ०.४० टक्के, म्हणजे हजारामागे ४ रुपये. हे शुल्क ग्राहकाच्या माथी मारू नये, असेही त्या नियमात आहे. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही. तिथे साधारण दीड-दोन टक्के किंवा अधिकही जातात.

आता हिशेब मांडा. हजार रुपयांच्या मालावर नफा ८० रुपये असेल आणि २० रुपये शुल्कात गेले, तर नफ्याचा चौथा हिस्सा गेला. वरून मशीनचे भाडे समजा ३०० रुपये. महिन्याला कार्डाने तीन हजारांचीच विक्री झाली, तर २४० रुपये नफा आणि ३०० रुपये भाडे. म्हणजे शुल्क धरण्याआधीच तोटा!

तिसरी गोष्ट, साधन कोणते. सर्वांत स्वस्त म्हणजे क्यूआर कोडचा कागद. त्याला बोलणारा स्पीकर जोडता येतो, पण त्याचेही भाडे असू शकते. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडण्याची परवानगी २०२२ मध्ये मिळाली, म्हणून असे ग्राहक मशीन नसतानाही क्यूआरवर पैसे देऊ शकतात. मात्र मोठ्या रकमेवर शुल्क लागू शकते, ते विचारून घ्यावे. त्यानंतर मोबाईलला जोडायची लहान मशीन, आणि शेवटी सिमकार्ड व कागदी पावतीवाली मोठी मशीन. कोणतीही घेण्याआधी दुकानात कोणत्या कंपनीचे नेटवर्क चांगले चालते ते पाहावे. पोळ्याच्या नि गोटमारीच्या गर्दीत मशीन नुसतीच फिरत राहिली, तर ग्राहक शेजारच्या दुकानात जाईल.

सही करण्याआधी पाच प्रश्न विचारावेत. भाडे किती, विक्री झाली नाही तरी लागते का? प्रत्येक प्रकारच्या कार्डावर किती टक्के? पैसे खात्यात किती दिवसांनी? मशीन बिघडली तर माणूस कुठून येणार? आणि परत करायची झाल्यास काय अटी? उत्तरे तोंडी नकोत, कागदावर घ्यावीत.

चौथी गोष्ट, सावधगिरी. पिन ग्राहकाने स्वतःच टाकावा, आपण विचारू नये. ५,००० रुपयांपर्यंत काही कार्डे पिनशिवाय, नुसती टेकवून चालतात, म्हणून रक्कम आधी ग्राहकाला दाखवावी. आपल्या क्यूआरवर दुसऱ्याने स्वतःचा कागद चिकटवला नाही ना, हे रोज सकाळी पाहावे. ग्राहकाने मोबाईलवर दाखवलेले चित्र म्हणजे पैसे आले असे नव्हे, आपल्या खात्याचा संदेश पाहावा. आणि मुलांनो, पक्के लक्षात ठेवा, पैसे घेण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर फोन करावा.

त्या मुलीने घरी जाऊन करारनामा काढला. शब्दकोश घेऊन बसली, अडले ते शाळेत विचारले. मशीन परत करण्याची अट शेवटच्या पानावर सापडली. मशीन परत गेली, आता दुकानात क्यूआरचा कागद आहे. आधी गेलेले भाडे काही परत आले नाही.

पालकांना विनंती की असा कागद आला तर मुलांना जवळ बसवून वाचावा. नाही समजला, तर शाळेत आणावा. आपण मिळून वाचू.

— प्राचार्य