कोट सांभाळणारी

हा दिवस कुठल्याही कॅलेंडरात सापडणार नाही. सिला ब्लॅकच्या आयुष्यातले कामाचे तास वेगवेगळ्या वर्षांतून उचलून मी ते एकाच घड्याळावर लावले आहेत. तिची कारकीर्द वर्षांच्या क्रमाने सांगायला घेतली की 'आधी गायिका, मग टीव्हीवरची सूत्रसंचालिका' एवढं म्हणून माणूस मोकळा होतो, आणि मधला सांधा हाती लागत नाही. तासांच्या क्रमाने पाहिलं की तो दिसतो. निदान मला तरी दिसल्यासारखा वाटतो.

सकाळी ७

लिव्हरपूल, स्कॉटलंड रोड. खाली न्हाव्याचं दुकान, वर व्हाइट कुटुंबाचं बिऱ्हाड. वडील गोदीत कामाला, तीन मुलगे आणि एकच मुलगी. तिचं पाळण्यातलं नाव प्रिसिला मारिया व्हेरॉनिका व्हाइट, जन्म 27 मे 1943.

आई जुने कपडे विकते. बाजाराचं कागदोपत्री नाव सेंट मार्टिन्स मार्केट, पण गावाच्या तोंडी ते पॅडीज मार्केट. दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेले कोट, विजारी, टोप्या तिथे पुन्हा विकायला येतात. बंदराचं शहर, त्यामुळे गिऱ्हाइकांत जहाजांवरचे खलाशी पुष्कळ, आणि त्यांत हिंदुस्थानी लस्करही. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर कोकणातली माणसं भरपूर असत. तेव्हा कुणा रत्नागिरीकराने थंडीने काकडत या बाजारात एखादा लोकरी कोट घासाघीस करून घेतला असेल, असं मी आपलं मनाशी धरून चाललो आहे.

मुलीने मात्र बाजारात उभं राहू नये, असं घरात सर्वांनाच वाटतं. तिने टायपिंग शिकायचं ठरतं.

सकाळी ९

ऑफिस. केबल बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत सिला टायपिस्ट आहे. शाळा सोडताना मिळालेल्या शेऱ्यात ती 'कचेरीच्या कामास योग्य' असल्याचं लिहिलं होतं, आणि हे ती पुढे आयुष्यभर हसत हसत सांगत राहिली. या तासाबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही नाही. तिचं लक्ष बारा कधी वाजतात इकडेच.

दुपारी १२

मॅथ्यू स्ट्रीट. ही फळांच्या वखारींची अरुंद गल्ली आहे. एका दारातून दगडी पायऱ्या खाली तळघरात उतरतात. विटांच्या तीन कमानी, छत बुटकं, हवा खेळायला जागा नाही. हा कॅव्हर्न क्लब. 1957 मध्ये तो जॅझसाठी सुरू झाला होता, पण चार-पाच वर्षांत गिटारवाल्या पोरांनी त्याचा ताबा घेतला. दुपारच्या सुट्टीत इथे कार्यक्रम होतात. ऑफिसातल्या मुली आणि दुकानांतली पोरं एक शिलिंग मोजून खाली उतरतात, दारूचा परवाना नसल्याने सूप आणि पाव खातात, बीटल्स ऐकतात आणि पुन्हा कामावर जातात.

सिलाही ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत येते, पण तिला दाराशी काम आहे. लोकांचे कोट घ्यायचे, खुंटीला अडकवायचे, नंबराची चिठ्ठी हातात द्यायची. परत जाताना चिठ्ठी पाहून ज्याचा कोट त्याला. काम हमालीचं, आणि तरी त्यात एक मेख आहे. अनोळखी माणूस आपली वस्तू तुमच्या हाती देतो तेव्हा तो क्षणभर तुमच्या तोंडाकडे पाहतो. ते तोंड विश्वासाचं वाटलं पाहिजे, आणि रांग तुंबलेली असताना चार शब्दही बोलता आले पाहिजेत. आईच्या बाजारातही हेच चालत असणार. फरक एवढाच की तिथे गेलेला कोट परत येत नसे.

मधूनच बँडवाले तिला वर बोलावतात. कोट तसेच खुंटीवर ठेवून ती जाते, एक गाणं म्हणते आणि परत जाग्यावर येते. जॉन लेनन तिला 'सिरिल' या पुरुषी नावाने हाक मारतो. लिव्हरपुलात चिडवणं हे लाड करण्याचंच एक अंग आहे.

याच गल्लीच्या आसपास तिचं आडनाव बदललं. बिल हॅरी नावाच्या तरुणाने 1961 मध्ये 'मर्सी बीट' हे संगीताचं वर्तमानपत्र काढलं. तिच्याविषयी लिहिताना त्याला आडनाव आठवेना. काहीतरी रंगाचं आहे एवढंच डोक्यात होतं, आणि त्याने 'ब्लॅक' लिहून टाकलं. आपल्याकडे सांगायचं तर पांढऱ्यांची मुलगी छापखान्यातून काळ्यांची होऊन बाहेर पडली. तिला ते आवडलं, तिने तेच ठेवलं.

पुढे लेननच्या शिफारशीवरून बीटल्सच्या व्यवस्थापकाने, ब्रायन एपस्टाइनने, तिची परीक्षा घेतली, बर्कनहेडच्या मॅजेस्टिक बॉलरूममध्ये, साथीला खुद्द बीटल्स. तिने गर्श्विनचं 'समरटाइम' निवडलं. पण पोरांनी ते वाजवलं त्यांच्या पट्टीत, आणि ती पट्टी तिच्या गळ्याला मुळीच मानवणारी नव्हती. पांढरी धरायची की काळी, हे कुणी आधी विचारून घेतलं असतं तर! ती नापास झाली. काही काळाने एपस्टाइनने तिला दुसऱ्या एका क्लबमध्ये, तिच्या स्वतःच्या पट्टीत गाताना ऐकलं आणि 1963 मध्ये करार केला. त्याच्या सगळ्या कलाकारांत ती एकटीच बाई.

कॅव्हर्नच्या तळघरातल्या फिनेल, घाम आणि सडक्या फळांच्या मिश्र वासाने कपडे असे माखत की दुपारी ऑफिसात परतलेली मुलगी कुठे जाऊन आली हे शेजारच्या टेबलावर लगेच कळे.

दुपारी अडीच

लंडन, ॲबी रोड. ईएमआयच्या स्टुडिओत दिवसाचे तीन तुकडे पाडलेले असत: दहा ते एक, अडीच ते साडेपाच, सात ते दहा. पॉप संगीतही इथे पाळीच्या भोंग्यावर चालायचं. निर्माता जॉर्ज मार्टिन.

सिलाचं पहिलं गाणं लेनन-मॅकार्टनीचं होतं. ते फार वर चढलं नाही, पस्तिसाव्या क्रमांकावर थांबलं. मग एपस्टाइन अमेरिकेहून डिऑन वॉरविकची एक रेकॉर्ड घेऊन आला: बर्ट बॅकरॅक आणि हाल डेव्हिडचं 'एनीवन हू हॅड अ हार्ट'. मार्टिनच्या मनात हे गाणं शर्ली बॅसीसाठी होतं. एपस्टाइनने सिलासाठी हट्ट धरला, आणि फेब्रुवारी 1964 मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. वॉरविकला ते लागलं. आपण रेकॉर्डिंगमध्ये खोकलो असतो तर ही मुलगीही त्याच जागी खोकली असती, अशा अर्थाचं ती पुढे अनेकदा बोलली. मला यात वॉरविकचं दुखणं खरं वाटतं. दुसऱ्याच्या मापाचा कोट होता, तो सिलाला बसला आणि लोकांनी तो तिचाच मानला. मे महिन्यात 'यू आर माय वर्ल्ड' हे इटालियन गाण्याचं इंग्रजी रूप घेऊन ती पुन्हा पहिल्या जागी होती.

'आल्फी' या गाण्याची गोष्ट वेगळी. हे नाव ऐकून सिलाला कुणाचा तरी कुत्रा आठवला. गायचं टळावं म्हणून तिने अटी घातल्या: बॅकरॅकने स्वतः संगीतसंयोजन करावं, लंडनला यावं, पियानोवर बसावं. तो सगळ्याला हो म्हणाला. मग मोठ्या वाद्यवृंदापुढे टेकमागून टेक सुरू झाले. बॅकरॅकला अजून काहीतरी हवं होतं, आणि मार्टिनच्या मते ते केव्हाच मिळालं होतं. किती टेक झाले याचा आकडा प्रत्येक सांगणाऱ्यागणिक बदलतो. त्या दिवसाचं चित्रण उपलब्ध आहे. त्यात शेवटच्या उंच स्वरांकडे जाताना तिच्या मानेच्या शिरा ताणलेल्या दिसतात. खालच्या स्वरात पोरगी बोलल्यासारखी गाते, वर गेली की गोदीच्या भोंग्यासारखा आवाज लागतो. मला विचाराल तर तिचं गाणं सगळं या दोन मजल्यांतच आहे. मधला जिना तिने कधी बांधलाच नाही.

संध्याकाळी ६, मंगळवार

27 ऑगस्ट 1967 ला एपस्टाइन गेला. सिला तेव्हा पोर्तुगालमध्ये सुट्टीवर होती. जाण्यापूर्वी त्याने बीबीसीशी तिच्या स्वतःच्या कार्यक्रमाची बोलणी करून ठेवली होती. व्यवस्थापन बॉबी विलिसने हाती घेतलं, ज्याच्याशी तिने 1969 मध्ये लग्न केलं.

'सिला' 30 जानेवारी 1968 ला सुरू झाला. शेफर्ड्स बुशचं बीबीसी टेलिव्हिजन थिएटर, पहिल्या भागाचा पाहुणा टॉम जोन्स, शीर्षकगीत पॉल मॅकार्टनीचं. गाणी, नाच, पाहुणे, हे सगळं इतरांच्या कार्यक्रमांतही होतं. पण या कार्यक्रमात कॅमेरा रस्त्यावरही जाई आणि कुणाचंही दार ठोठावलं जाई. केसांना कर्लर लावलेली बाई दार उघडते, आणि समोर अख्खा देश. त्या बाईला एक तर लाज वाटेल किंवा मजा. काय वाटेल ते दार ठोठावणाऱ्यांच्या बोलण्यावर ठरतं.

बीबीसीवर तेव्हा इस्त्री केलेली इंग्रजी चाले. सिला स्कॉटलंड रोडचीच बोलली. लिव्हरपुलात भावंडाचा उल्लेख 'आमचा जॉन', 'आमची मेरी' असा करतात, जसा आपल्याकडे 'आमचा बंड्या'. देश तिला 'आमची सिला' म्हणू लागला. हे नातं रेकॉर्ड विकून मिळत नाही.

संध्याकाळी ७, शनिवार

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर बीबीसीचा कार्यक्रम संपला. नंतरची वर्षं क्लब, दौरे, नाताळातली मुलांची नाटकं. 1983 मध्ये टेरी वोगनने घेतलेल्या मुलाखतीत तिने जुन्या आठवणी अशा काही रंगवल्या की लंडन वीकेंड टेलिव्हिजनवाल्यांना दुसरीच सिला दिसली. 1984 मध्ये 'सरप्राइज सरप्राइज' आला. आणि 1985 च्या नोव्हेंबरात 'ब्लाइंड डेट'.

थेम्सच्या दक्षिण काठावरचा लंडन वीकेंड टेलिव्हिजनचा मनोरा. मंचाच्या मधोमध भिंत. एका बाजूला निवड करणारी मुलगी, दुसऱ्या बाजूला उंच स्टुलांवर तीन मुलगे. पुढच्या फेरीत उलट. ती तीन प्रश्न विचारते, प्रत्येक जण आपलं चटपटीत उत्तर फेकतो. ती उत्तरं आधीच घोटलेली असत हे उघड गुपित होतं. मग पडद्यामागचा आवाज, 'आमचा ग्रॅहम', तिघांची उजळणी करतो. मुलगी एक नंबर सांगते, नाकारलेले दोघे आधी समोरून जातात, आणि मग भिंत सरकते. अंतरपाट दूर होतो तो क्षण आपल्याला ठाऊक आहे. इथे फक्त मुलीकडचे आणि मुलाकडचे म्हणून एक कोटी लोक हजर असत. भरात असताना दीड कोटीहून जास्त. भिंत सरकताच चेहऱ्यावर उमटणारी निराशा लपवायला दोघांनाही अर्धा सेकंदसुद्धा मिळत नसे, आणि त्या अर्ध्या सेकंदासाठीच लोक जेवणाची ताटं मांडीवर घेऊन बसत.

जोडीने पाकीट उचलायचं, त्यात सहलीचं ठिकाण. पुढच्या आठवड्यात दोघं परत येतात, सिलाशेजारी सोफ्यावर बसतात. दोघांनी एकमेकांविषयी वेगवेगळं काय सांगितलं, ते तेव्हा सर्वांसमोर दाखवतात. 'तो फार बोलतो.' 'तिला विनोद कळत नाही.' खरं काम इथे आहे. दोन अनोळखी पोरांनी आपला मान, आपली फजिती तिच्या हाती दिलेली असते. ती हसते, देशाला हसू देते, मुलीच्या गुडघ्यावर हात ठेवते, मुलाला टोमणा मारते, आणि उठताना दोघांचं जे होतं ते बहुतेक धड परत देते. बहुतेक म्हणालो, कारण काही वेळा सोफ्यावर खरोखरच दुखावलेला माणूस बसलेला असे आणि विनोद पुढेच चालू राही. तेही टीव्हीवर दिसे.

हा कार्यक्रम आधी एका पुरुष विनोदवीराला घेऊन करून पाहिला होता. तो चावटपणाकडे झुकेल अशी वाहिनीला धास्ती वाटली. मग मावशी शोधली. सिलाने वाह्यात उत्तरावर डोळे मोठे करावेत आणि घरोघरी आज्यांनीही हसून घ्यावं, असा तो हिशेब. जोडी जमतेय असं दिसलं की ती टोपी घ्यायला निघण्याची भाषा करे, कारण ब्रिटनमध्ये लग्नाला बायका टोपी घालून जातात. 1991 मध्ये या भिंतीपलीकडे जमलेलं पहिलं लग्न लागलं. ती गेली, टोपी घालून.

रात्री ९

4 जानेवारी 2003, पुन्हा शनिवार. बॉबी 1999 मध्ये कर्करोगाने गेला होता. 'ब्लाइंड डेट'चे प्रेक्षक घटले होते, वाहिनीने ठेवणीत बदल केले होते: निवड करून भिंत सरकल्यावरही आता माणूस बदलता येणार होता. म्हणजे चिठ्ठी एका नंबराची आणि कोट भलताच. त्या रात्रीचा भाग थेट प्रक्षेपित होत होता. चालू कार्यक्रमात सिलाने सांगून टाकलं की आपण हे काम सोडतो आहोत. वरिष्ठांना कल्पना नव्हती. अठरा वर्षं इतरांना अचानक गाठणाऱ्या बाईने एकदा मालकांना गाठलं, आणि तेही कापता येणार नाही अशा थेट प्रक्षेपणात.

रात्री ११

1 ऑगस्ट 2015 ला स्पेनमधल्या घरी ती पडली आणि गेली. त्याच महिन्यात तिच्या निवडक गाण्यांचा संग्रह पहिल्या क्रमांकावर गेला. अल्बमच्या यादीत ती जागा तिला आयुष्यभर मिळाली नव्हती.

दिवसातल्या दोन मोठ्या तासांच्या जागाही राहिल्या नाहीत. मूळचा कॅव्हर्न 1973 मध्ये रेल्वेच्या कामासाठी बंद करून बुजवला. पुढे 1984 मध्ये जुन्यातल्या काही विटा वापरून तो पुन्हा बांधला. थेम्सकाठच्या स्टुडिओंचे दिवे 2018 मध्ये मालवले.

मॅथ्यू स्ट्रीटवर जुन्या कॅव्हर्नच्या दारापाशी तिचा ब्राँझचा पुतळा आहे. जानेवारी 2017 मध्ये तिच्या मुलांनी तो शहराला दिला. पुतळ्यातली सिला विशीतली आहे, गाते आहे, अंगात आखूड फ्रॉक. मर्सी नदीवरून येणारा हिवाळी वारा त्या गल्लीत शिरतो तेव्हा क्लबाकडे निघालेली माणसं कॉलर वर करून तिच्याजवळून जातात. तिच्या अंगावर कोट नाही.