सलाइनमधल्या व्हिटॅमिन सीचा आंबटपणा जातो कुठे?

रोह्याच्या धाटाव एमआयडीसीतल्या केमिकल कंपन्यांत काम केलेल्यांना अ‍ॅसिड ‘न्यूट्रल करणं’ शिकवायला नको. पेणकरांनो, तुम्ही लिंबाच्या रसात चिमूटभर खायचा सोडा टाकून बघा. जो फेस येतो, तीच ही रिअ‍ॅक्शन!

व्हिटॅमिन सी म्हणजे अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड. नुसतं पाण्यात विरघळवलं तर पीएच २ ते ३ च्या आसपास, रक्ताचा ७.३५ ते ७.४५. असं द्रावण शिरेत गेलं तर आग होणारच. म्हणून इंजेक्शन बनवतानाच कंपनी त्यात सोडियम बायकार्बोनेटसारखा अल्कली घालते. सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट तयार होतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच ५.५ ते ७ मध्ये बसतो. हिशेब सरळ आहे: १७६ ग्रॅम अ‍ॅसिडला ८४ ग्रॅम बायकार्बोनेट. मग थेट ७.४ का नाही? कारण पीएच चढला की हे व्हिटॅमिन हवेत लवकर ऑक्सिडाइज होतं आणि द्रावण पिवळं पडतं.

फेस घरी बघा, इंजेक्शन मात्र घरी बनवायचं नाही. निर्जंतुकपणा स्वयंपाकघरात जमत नाही. मोठा डोस देण्याआधी डॉक्टर जी-६-पीडी या एन्झाइमची आणि किडनीची तपासणी करतात. मधुमेह्यांनो, मोठ्या डोसनंतर काही ग्लुकोमीटर साखर खोटी वाढलेली दाखवतात. तो आकडा बघून इन्सुलिन घेऊ नका, लॅबमधून तपासून घ्या.