विक्रेत्याचे ऑनलाइन खाते बंद झाले, तर?

गडचिरोलीतील एखादा बचत गट मध किंवा बांबूच्या वस्तू ऑनलाइन विकतो आणि एके दिवशी कंपनी खातेच बंद करते. अशा वेळी करार, ईमेल, ऑर्डरींचा तपशील आणि अडकलेल्या रकमेचा हिशेब लगेच जपून ठेवावा. मग कारण विचारून कंपनीकडे लेखी अपील करावे. दाद मिळाली नाही, तर वकिलामार्फत नोटीस द्यावी.

पुढचा मार्ग करारावर ठरतो. त्यात लवादाचे कलम असेल, तर १९९६च्या लवाद कायद्याच्या कलम ८ नुसार दिवाणी न्यायालय सहसा वाद लवादाकडे पाठवते. तातडीचा अंतरिम दिलासा मात्र कलम ९ खाली न्यायालयाकडे मागता येतो. थकीत रकमेच्या दाव्याची मुदत साधारण ३ वर्षे असते. भारतीय स्पर्धा आयोगाकडे जायचे, तर कंपनीने बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर केल्याचे दाखवावे लागते. एकट्या विक्रेत्याची तक्रार तिथे सहज टिकत नाही.

वकिलाचा खर्च परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिला आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्तींना मोफत कायदेशीर मदतीसाठी उत्पन्नाची अट नाही.